परदेशी शिकायचं, तर पैसा कुणाचा?

१९१३ च्या जुलै महिन्यात भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले, ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार त्यांनी सही करून दिला होता. कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली एम.ए. झालं, १९१६ साली ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातलं. आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. पुढचं बडोद्यातल्या नोकरीत जातीमुळे सोसलेल्या अपमानाचं पर्व सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामानाने कमी बोललं जातं ते त्यानंतरच्या तीन वर्षांबद्दल. सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, त्या पगारातून काटकसरीने बाजूला टाकलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, एवढं जुळल्यावर १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. डी.एस्सी. मिळाली १९२३ साली.

त्या काळातला हिंदुस्थानातला कदाचित सर्वांत तयारीचा विद्यार्थी केवळ पैशासाठी तीन वर्षं अडून राहिला, ही गोष्ट मला परदेशी शिक्षणाच्या चर्चेत सर्वांत महत्त्वाची वाटते. परदेशात शिकायची संधी म्हटलं की आपण विद्यापीठांची नावं, परीक्षांचे गुण आणि व्हिसा यांबद्दल बोलतो. पण महाराष्ट्राचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा अनुभव काढून पाहिला तर दर वेळी निर्णायक ठरलेली गोष्ट वेगळीच दिसते. पैसा कोणी दिला, किती दिला आणि वेळेवर दिला का?

नाशिकला जन्मलेली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी ही मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर. परीक्षेत तिने जे स्थान मिळवलं त्यावर विलायतेच्या सरकारी शिष्यवृत्तीचा हक्क होता. पण ती बाई आहे म्हणून तो नाकारला गेला. इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी काढली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या, आणि १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरविलमध्ये दाखल झाली. १८९२ साली ती कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाली, पदवी हातात पडायला मात्र १९२२ साल उजाडलं. पुढे काही वर्षांनी दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १८९९ साली गणितात सीनियर रँग्लर झाले आणि परत येऊन फर्ग्युसन कॉलेजच्या कामाला लागले. दोघांच्या बुद्धीत डावं-उजवं करण्याचं कारण नाही. एकाला सरकारने पैसे दिले, दुसरीला दिले नाहीत, एवढाच फरक. आनंदीबाई जोशी डॉक्टरी शिकायला १८८३ साली फिलाडेल्फियाला पोहोचल्या त्यामागे न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंचा आधार होता. आणि १८९२ साली जमशेटजी टाटांनी परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी मुंबईत निधी उभारला, तो कर्जरूपाने शिष्यवृत्ती देणारा : शिकून या, कमवा, परत करा, म्हणजे तोच पैसा पुढच्याला मिळेल. जे. एन. टाटा एन्डाउमेंट या नावाने तो आजही चालू आहे. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन लंडनला हॅरल्ड लास्कींकडे शिकले ते याच निधीच्या बळावर.

आजची संख्या पाहिली तर चित्र फारच बदललंय असं वाटेल. २०२३-२४ या एका वर्षात एकट्या अमेरिकेतल्या विद्यापीठांत ३ लाख ३१ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते आणि बऱ्याच वर्षांनी भारताने या बाबतीत चीनला मागे टाकलं. पण यातले बहुतेक जण घरच्या पैशावर किंवा बँकेच्या कर्जावर गेलेले असतात. पुण्यातल्या फ्लॅटवर कर्ज काढता येणारं घर आणि तसं काही नसलेलं घर, यांच्यातलं अंतर या संख्येत दिसत नाही.

बँकेचं गणित जरा नीट समजून घेण्यासारखं आहे. बँक संघटनेच्या आदर्श योजनेनुसार चार लाखांपर्यंत तारण किंवा जामीन लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थाचा जामीन चालतो आणि त्यापुढे तारण द्यावं लागतं. ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या मास्टर्सचा खर्च राहण्या-खाण्यासकट तीस-चाळीस लाखांच्या घरात जातो, म्हणजे तारण आलंच. आणि तारण म्हणून शेतजमीन सहसा बँक घेत नाही. किनवटच्या किंवा जतच्या शेतकऱ्याकडे सातबारावर आठ एकर असली तरी मुलीच्या एज्युकेशन लोनसाठी ती कामाला येत नाही. शहरातला दोन खोल्यांचा बिगरशेती फ्लॅट येतो. जगातल्या निवडक विद्यापीठांत प्रवेश मिळाला असेल तर स्टेट बँकेसारख्या काही बँका तारणाशिवाय मोठी रक्कम देतात, पण तिथेही को-अॅप्लिकंटचं उत्पन्न बघितलं जातं. उरतात खासगी वित्तसंस्था. त्या लवकर कर्ज देतात, व्याज जास्त घेतात, आणि शिक्षण चालू असतानाही ते व्याज चढत राहतं. रुपया घसरला की वर्षाच्या सुरुवातीला मांडलेला हिशेब वर्षाअखेर चुकतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नोकरी लागेल या भरवशावर, शिष्यवृत्तीचा एकही प्रयत्न न करता, पूर्ण खर्चाचं कर्ज अंगावर घेऊन जाणं हा शेवटचा मार्ग असावा. आपल्याकडे तो पहिला मार्ग झालाय, कारण कर्ज देणारा घरी चालत येतो आणि शिष्यवृत्ती शोधायला आपल्याला जावं लागतं.

महाराष्ट्र शासनाच्या शिष्यवृत्त्या आहेत, आणि त्या खऱ्या अर्थाने मोठ्या आहेत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. दरवर्षी ७५ जागा. विद्यापीठाची फी, निर्वाहभत्ता, आरोग्य विमा, विमानाचं तिकीट, सगळं त्यात येतं. मराठा समाजासाठी सारथी संस्थेमार्फत सयाजीराव गायकवाडांच्या नावाने ७५ जागांची योजना आहे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, आदिवासी, अल्पसंख्याक आणि खुल्या प्रवर्गातले आर्थिक दुर्बल यांच्यासाठी त्या त्या विभागाच्या वेगळ्या योजना आहेत. गोव्यात शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती तर १९५४-५५ पासूनची. तिच्या १२५ जागा मुख्यतः अनुसूचित जातींसाठी, काही भटक्या-विमुक्त जमातींसाठी आणि काही भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलांसाठी. ऊसतोड कामगाराची मुलगी या पैशातून लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकू शकते. याहून चांगला सार्वजनिक खर्च मला तरी सांगता येत नाही.

पण या योजना जिथे अडखळतात तिथे नेमकं बोट ठेवायला हवं. पहिली अडचण भत्त्याची. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्याला या योजनांतून वर्षाला ९,९०० पौंड निर्वाहभत्ता मिळत आलाय, म्हणजे महिन्याला ८२५. बरीच वर्षं हाच आकडा चालू आहे. ब्रिटिश सरकार मात्र व्हिसा देताना, जानेवारी २०२५ च्या नियमाप्रमाणे, लंडनमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे महिन्याला १,४८३ पौंड असायला हवेत असं धरतं आणि ती रक्कम त्यानंतर आणखी वाढलीच आहे. त्या देशाचं सरकार जेवढ्याशिवाय जगता येणार नाही म्हणतं, त्याच्या जेमतेम पंचावन्न टक्क्यांवर आपण आपली मुलं पाठवतो. मग ती मुलं अभ्यासाच्या वेळात हॉटेलांत भांडी घासतात आणि प्रबंध मागे पडतो.

दुसरी अडचण उत्पन्नाच्या मर्यादेची. वार्षिक आठ लाख हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण दोन प्राथमिक शिक्षकांचं घर त्या मर्यादेबाहेर जातं, आणि त्या घरात चाळीस लाख कुठून येणार? ज्या कुटुंबात पहिली पिढी नोकरीला लागली, त्याच कुटुंबातली दुसरी पिढी परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसण्याइतकी तयार झालेली असते. तिलाच आपण दारात अडवतो.

तिसरी अडचण वेळेची, आणि माझ्या मते हीच सर्वांत घातक. अमेरिकेत सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं, ब्रिटनमध्ये सप्टेंबरच्या अखेरीस. त्याआधी विद्यापीठाला डिपॉझिट भरायचं, व्हिसासाठी पैशाचा पुरावा द्यायचा, राहायची खोली धरायची. शासनाची निवड यादी या तारखांच्या तोंडावर किंवा नंतर लागली तर पुढचं सगळं कोलमडतं. २०२५ च्या उन्हाळ्यात केंद्राच्या योजनेत १०६ विद्यार्थी निवडले गेले, पण सुरुवातीला तात्पुरती पत्रं मिळाली ती केवळ ४० जणांना. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास देऊ असं सांगण्यात आलं. हातात जगातल्या नामांकित विद्यापीठाचं ऑफर लेटर, यादीत नाव, आणि तरी बॅग भरायची की नाही हे माहीत नाही. अशा वेळी एखादं वर्ष पुढे ढकलायला प्रत्येक विद्यापीठ तयार होत नाही. शिवाय २०२२ साली याच योजनेतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरचे विषय वगळण्यात आले. जातिव्यवस्थेचा अभ्यास करायला जगातल्या चांगल्या ग्रंथालयांत जावं, असं वाटणाऱ्या विद्यार्थ्याला त्या पैशाची वाट बंद झाली. आंबेडकरांनी कोलंबियात १९१६ साली वाचलेला निबंध जातिसंस्थेवरच होता, हे त्या निर्णयाच्या वेळी कुणाला तरी आठवायला हवं होतं.

मग सरकारी योजनेपलीकडे काय? बरंच आहे, आणि त्यातलं बहुतेक तालुक्याच्या कॉलेजपर्यंत पोहोचत नाही. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस या मास्टर्स कार्यक्रमांत शिष्यवृत्ती मिळाली की फी लागत नाही आणि महिना १,४०० युरो मिळतात; दोन किंवा अधिक देशांत शिकता येतं. नोकरीचा अनुभव लागत नाही, शेवटच्या वर्षातला विद्यार्थीही अर्ज करू शकतो. भारतीय विद्यार्थ्यांना या शिष्यवृत्त्या मोठ्या संख्येने मिळतात. विषयही केवळ इंजिनिअरिंगचे नाहीत; पत्रकारिता, पर्यावरण, सार्वजनिक आरोग्य, मानव्यविद्या सगळं आहे. ब्रिटनची चीव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या मास्टर्सचा पूर्ण खर्च देते, पण तिला दोन वर्षांच्या, म्हणजे २,८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो. हा अनुभव मोठ्या कंपनीतलाच हवा असं नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातले राजू केंद्रे यवतमाळमध्ये शिक्षणाचं काम करून २०२१ साली चीव्हनिंगवर लंडनला गेले. त्यांनी उभी केलेली एकलव्य ही संस्था आज पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलांना अर्ज कसा लिहायचा इथपासून मदत करते. मोठी विद्यापीठं ज्या कामाला किंमत देतात ते काम आपल्या गावात आपण करतच असतो, फक्त ते अर्जात लिहायचं असतं हे कुणी सांगितलेलं नसतं. संस्थेचं मोल मला इथे वाटतं.

पदवी संपेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. जर्मनीची डाड ही संस्था विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पदवीच्या काळातच उन्हाळी संशोधनासाठी तिकडच्या प्रयोगशाळांत बोलावते. कॅनडाची मायटॅक्स संस्था बारा आठवड्यांसाठी तिकडच्या प्राध्यापकांबरोबर काम देते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगा परदेशी प्रयोगशाळेत काम करून आला की त्याची भीती मोडते आणि पुढच्या अर्जासाठी एक खरं शिफारसपत्र मिळतं.

जर्मनीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण मध्यमवर्गीय मराठी घराला परवडणारा तो सर्वांत सरळ मार्ग आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. प्रत्येक सत्राला काही शे युरोंची वर्गणी भरायची. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात २०१७ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो आहेत, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी सुरू केली, पण बाकीचा देश अजून मोकळा आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी ठेवावे लागतात, ढोबळ मानाने बारा लाख रुपये. ते आपलेच असतात, महिन्याला ९९२ याप्रमाणे आपल्यालाच परत मिळतात. नोव्हेंबर २०२२ पासून कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र आवश्यक आहे. त्याला वेळ लागतो, म्हणून ते आधी काढावं. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं आणि शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथे सुमारे ४९ हजार भारतीय होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. फक्त एक गोष्ट कुणी गोड करून सांगू नये : शिकवणं इंग्रजीत असलं तरी घर शोधणं, डॉक्टर, पार्ट-टाइम काम आणि पुढची नोकरी हे सगळं जर्मनमध्ये चालतं. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. दुसऱ्या वर्षापासून भाषा सुरू केली तर निघेपर्यंत बोलण्यापुरती येते.

आणि मग एजंटचा विषय येतो. शहरातला कन्सल्टंट विद्यार्थ्याकडून फी घेत नाही, तेव्हा त्याचा खर्च कोण करतं हे विचारावं. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडातल्या अनेक संस्था प्रत्येक प्रवेशामागे कमिशन देतात. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं देत नाहीत. त्यामुळे कन्सल्टंटच्या तोंडून फुकट शिकवणाऱ्या विद्यापीठाचं नाव क्वचितच येतं, आणि जर्मनीबद्दल विचारलं तर तिथल्या महागड्या खासगी कॉलेजचं माहितीपत्रक पुढे होतं. सगळे असे नसतात. पण ज्याच्या उत्पन्नाचा उगम प्रवेशात आहे त्याच्या सल्ल्यावर घर गहाण टाकू नये. २०२३ साली कॅनडात पंजाबच्या कितीतरी मुलांची प्रवेशपत्रंच बनावट निघाली आणि त्यांच्यावर परत पाठवणीची वेळ आली. ती मुलं फसवली गेली होती, आणि हे त्यांना कित्येक वर्षांनी कळलं.

व्हिसाचे नियम सध्या फार वेगाने बदलतायत, म्हणून मोठ्या भावाचा किंवा शेजारच्या मुलाचा अनुभव पुरत नाही. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये खर्चाच्या पुराव्याची रक्कम दुपटीहून जास्त केली आणि त्याच वर्षी विद्यार्थ्यांसाठीची जलद व्हिसा योजना बंद केली. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर दोन वर्षं काम करता येतं, ते २०२७ पासून अठरा महिन्यांवर येतंय. अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली, तेव्हा कर्जाचा हप्ता तिकडच्या पगारातून फेडू असं धरून बसलेल्या हजारो घरांची झोप उडाली. जिथे शिकायचं आहे तिथे नोकरी मिळाली नाही तरी फेडता येईल एवढंच कर्ज घ्यावं, हे मी म्हणतो ते यासाठीच.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्यांसाठी आणखी एक खाचखळगा आहे. ब्रिटन तीन वर्षांची पदवी मान्य करतं. अमेरिकेतली आणि युरोपातली बरीच विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवी मिळते. बाहेर जायचा विचार असेल तर ते चौथं वर्ष सोडू नये, त्यात छोटं संशोधन करावं. तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचं की थांबायचं हे ठरवताना कॉलेजात ही गोष्ट कुणी सांगत असेल असं मला दिसत नाही.

दिवाळीची सुट्टी अर्जांच्या तयारीला अगदी योग्य वेळेला येते. इरॅस्मसचे बहुतेक अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, अमेरिकेतल्या विद्यापीठांचेही साधारण तेव्हाच. टाटा निधीचे अर्ज वर्षाच्या सुरुवातीला निघतात, शासनाच्या जाहिराती उन्हाळ्यात. जर्मनीच्या हिवाळी सत्राची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी १५ जुलै, काही ठिकाणी त्याआधी. कागद मात्र आजच लागतात. पासपोर्ट सगळ्यात आधी. मग जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास, तहसील कार्यालयातला उत्पन्नाचा दाखला, आई-वडिलांची विवरणपत्रं. जातपडताळणीला महिनोन्महिने लागू शकतात, म्हणून ती शिष्यवृत्तीच्या जाहिरातीची वाट न पाहता सुरू करावी. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढताना दोन-तीन प्रती जास्त काढाव्यात. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची फी सतरा-अठरा हजार आहे आणि गुण दोनच वर्षं टिकतात, तेव्हा अर्जाच्या वर्षातच ती द्यावी. एसओपी, म्हणजे आपल्याला हे का शिकायचं आहे ते सांगणारा निबंध, नेटवरून उचलू नये. आपल्या गावात काय पाहिलं, कोणता प्रश्न डोक्यातून जात नाही, तो नेमका कोणत्या प्राध्यापकाकडे शिकायचा आहे, हे साध्या इंग्रजीत लिहावं. आणि एलओआर, म्हणजे शिफारसपत्र, मागायला सरांकडे जाताना आपण केलेल्या कामाचं एक पान लिहून न्यावं. सरांनी त्या पानावर नुसती सही करून देऊ नये. विद्यार्थी वर्गात काय विचारायचा, कुठे अडला आणि कसा पुढे गेला, अशी दोन वाक्यं स्वतः घालावीत. निवड समितीत बसलेला माणूस ती दोन वाक्यं शोधत असतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सहायक समाजकल्याण आयुक्तांच्या कार्यालयातही एकदा जाऊन यावं. मागच्या वर्षीचा शासन निर्णय मागून घ्यावा, अटींखाली रेघा माराव्यात, आणि त्यातली एखादी अट आपल्याला अडवत असेल तर आमदाराला आणि विभागाला लेखी कळवावं, नव्या वर्षाच्या अटी ठरायच्या आत.